कोळसा उगवत नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या वहिनीचे. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण छापलेल्या कागदावर नाव आलेलं तिला आवडत नाही. रेशनकार्डावर आहे तेवढं पुरे, असं ती म्हणते. मी तिला वैनी म्हणतो आणि ती मला बाबू.

ती आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. आई त्याआधीच गेली होती. आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. पुढे शिकायचं तर गाव सोडावं लागणार होतं आणि वडिलांना ते पटत नव्हतं. घरात चार महिनेही न झालेली ती सून, पदर सावरून दाराआडून सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, एक पोरगा कमी असला तर रोवना अडून नाई राहत. जाऊ द्या त्याले." धानाच्या रोवणीत माझ्या वाटणीच्या ओळी त्या वर्षी तिनेच लावल्या. ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात मला सोडायलाही तीच आली, माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन. निघताना तिने एकच अट घातली. दर महिन्याला चिठ्ठी लिहायची, आणि अक्षर मोठं काढायचं. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. "वाचलं नाई तर मी इसरून जाईन," ती म्हणाली होती. त्या चिठ्ठ्या मी आजही लिहितो. गावात फोन आहेत, पण नेटवर्क तळ्याच्या पाळीवर चढलं तरच येतं, आणि फोनवरचं बोलणं पुन्हा काढून वाचता येत नाही, अशी तिची तक्रार असते.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आता चंद्रपूरला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायकोसोबत राहतो. ही गोष्ट त्या फ्लॅटच्या बाथरूमची आहे.

चंद्रपूरला नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकतो. इथे काळी धूळ असते. आमच्या मागच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी बोट फिरवलं तर काळी निघते. दोरीवरचं पांढरं बनियन दोन महिन्यांत राखाडी होतं. शेजारी त्याबद्दल कुरकुरही करत नाहीत, नुसते पुसतात. माझी बायको इथलीच, ती लहानपणापासून पुसत आलेली आहे. तिनेच मला शिकवलं, की ज्या खिडकीचं काम नाही ती बंद ठेवायची.

बाथरूमच्या वरच्या अंगाला काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी होती. ती मागच्या रस्त्याकडे उघडायची. राहायला आलो त्याच महिन्यात मी तिच्यावर आतून जाड प्लास्टिक लावलं, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. काम इतकं नेटकं झालं होतं की घरी आलेल्या पाहुण्यांना मी ते दाखवत असे.

तरी काही दिवसांनी छताच्या कोपऱ्यात काळं दिसू लागलं. आधी मोहरीएवढे ठिपके, मग ठिपके एकमेकांना मिळून डाग. "बघा, कुठून तरी येतेच," बायको म्हणाली. मी स्टुलावर चढून पुसलं. आठ दिवसांत पुन्हा आलं. मी चिकटपट्टीवर आणखी एक चिकटपट्टी लावली. दाराच्या खालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवली. पावसाळा लागला, रस्ता भिजला, बाहेरची धूळ बसली. खिडकीच्या चौकटी तीन-तीन दिवस स्वच्छ राहू लागल्या. बाथरूम मात्र दुप्पट वेगाने काळं होत होतं. हे दोन्ही मी रोज डोळ्यांनी पाहत होतो आणि त्याचा अर्थ काही लावत नव्हतो. कचेरीतून यायचं, चहा घ्यायचा, स्टुलावर चढून पुसायचं. मान वर करून करून ती दुखायची. रविवारीही तेच. एखादं काम इतके दिवस केलं की ते बरोबर आहे का, हे विचारायचं त्राण उरत नाही.

त्याच पावसाळ्यात वैनी आमच्याकडे आली.

तिला बरीच वर्षं खोकला होता. चुलीच्या धुरात तिचा जन्म गेलेला. त्या वर्षी रोवणीत ती मधेच बांधावर बसली आणि पुन्हा उठून चिखलात उतरू शकली नाही, असं थोरल्या भावाने सांगितलं तेव्हा मी तिला चंद्रपूरला आणलं. छातीच्या डॉक्टरांनी तपासलं, तोंडात ओढायचं औषध दिलं आणि म्हणाले, दोन महिने इथेच राहा, दर आठ दिवसांनी दाखवा, मग औषध किती ठेवायचं ते ठरवू. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. साडी पाठवली की ती मधल्या भावाच्या पोरीच्या, आमच्या पुतणीच्या, अंगावर दिसायची. आता दोन महिने ती माझ्या घरात, माझ्या हातचं खाणार होती.

डॉक्टरांनी त्या पहिल्या दिवशी मला बरेच प्रश्न विचारले होते. घरी स्वयंपाक गॅसवर होतो का? होतो. कोणी बिडी ओढतं का? नाही. घरात कुठे ओल आहे का?

"नाही सर," मी म्हणालो. "थोडी कोळशाची धूळ आहे, पण मी सगळं सील केलं आहे."

वैनी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. ती आदल्या दिवशीच आली होती, आणि सकाळी आमच्या बाथरूममध्ये आंघोळ करून आलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहून तिने होकाराची मान हलवली.

आमच्या गावी न्हाणी घराबाहेर असते. तीन बाजूंना बांबूचे तट्टे, खाली दोन-तीन फरशीचे दगड, वर काहीच नाही. पाणी वाहून अळूत जातं. शिकायला गेल्यावर मला त्या न्हाणीची लाज वाटायची. मित्रांना घरी नेलं नाही, त्याचं ते एक कारण होतं. उन्हाळ्यात तिथला दगड इतका तापायचा की पाणी टाकल्याबरोबर वाफ निघायची.

तिसऱ्या दिवशी आंघोळ करून वैनी बाहेर आली ती भिंतीला धरूनच. खोकल्याची उबळ थांबेपर्यंत बायकोने तिची पाठ चोळली.

"बाबू," दम आल्यावर ती म्हणाली, "तुह्या न्हाणीत कुबट वास येते. ते खिडकी काऊन बांधून ठेवली?"

"वैनी, इथी कोळशाची धूळ येते. उघडली तर तुलेच त्रास होईल."

"भित्ताडावर बुरशी दिसून राह्यली मले."

"बुरशी नाई ते. कोळसा हाय. चंद्रपूरले सगळीकडे असतेच."

"असंन बा," ती म्हणाली. "तू शिकलेला हाय." आणि हसली. "आमचं मोहफूल कोंडलं का असंच दिसते म्हणून म्हटलं. कोळशाचं मले का मालूम."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वैनी, यांना काही सांगू नका. त्या खिडकीची ते दिवाळीला पूजा करतील."

आम्ही तिघंही हसलो. मी त्या संध्याकाळी आणखी एक पट्टी लावली.

रोज सकाळी आंघोळीनंतर वैनीचा खोकला वाढत होता. औषध चालू होतं, तरी. मी तिला दोन वेळा गरम पाणी प्यायला सांगितलं, उशी उंच केली, बाजारातून ज्येष्ठमध आणलं. तिला आंघोळीला जास्त गरम पाणीही मीच काढून देत असे, वाफ छातीला बरी म्हणून. बंद बाथरूममध्ये ती वाफ भिंतींवरून ओघळायची. अकराव्या दिवशी ती पिशवी भरून बसली.

"मले घरी जाऊ दे बाबू. कोंबड्यायची याद येते."

"कोंबड्या पुतणी बघून राह्यली ना. अजून दीड महिना हाय. डॉक्टरनं सांगितलं."

"औषध मी तिथी ओढीन. तू बरं पाहिलं माह्याकडं. सुनबाईनं बी पाहिलं. मले इथी दम नाई पुरत."

बायको मागे उभी होती; नात्याने जाऊ असली तरी वैनी तिला सुनबाईच म्हणते. बसस्टँडवर वैनीला ब्रह्मपुरीच्या गाडीत बसवून परत येताना ऑटोत बायको रडली. "माझंच काही चुकलं असेल," ती म्हणाली. "चहात साखर कमी घालायचे मी, तेच खटकलं असेल त्यांना." मी तिची समजूत काढली, पण मला स्वतःला राग आला होता. आयुष्यात एकदा काही द्यायला मिळालं, तर ती कोंबड्यांचं कारण सांगून निघून गेली. त्या महिन्याची चिठ्ठी मी लिहिली नाही. पहिल्यांदाच.

पाऊस संपता संपता घरमालकांनी रंगवायला एक म्हातारा पेंटर पाठवला. दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बायको त्याला चाचा म्हणाली म्हणून मीही चाचा म्हणू लागलो. मी त्याला सांगितलं, बाथरूमला चांगला जाड रंग द्या, कोळसा दिसला नाही पाहिजे.

त्याने दार उघडलं, आत पाय टाकला आणि मागे घेतला.

"साहेब, हे बाथरूम हाय का लोणच्याची बरणी?"

"काय झालं?"

"कोन बांधली हे खिडकी?"

"मीच. कोळशाची धूळ येते म्हणून."

चाचा स्टुलावर चढला. बोट ओलं करून त्याने आधी दाराबाहेरच्या चौकटीवर फिरवलं आणि मला दाखवलं. कोरडी, काळी भुकटी. मग आतल्या कोपऱ्यात फिरवलं. बोटावर बुळबुळीत, हिरवट-काळा थर आला. त्याने तो माझ्या नाकापाशी धरला.

"हे कोयला. हे फंगस. माझी सारी जिंदगी गेली याच शहरात भिंती घासन्यात. कोयला तुम्ही पुसला का गेला, दुसरा येईल तेव्हा येईल. हे तुम्ही पुसता आनि ते जाग्यावरच वाढते. कोयला उगवत नाई, साहेब."

"पण चाचा, मी तर रोज पुसतो."

"ओल्या कपड्यानं?"

"हो."

"म्हनजे रोज पानी देता त्याले." तो खाली उतरला. बायको तोंडाला पदर लावून हसत होती, चाचाही हसत होता, पण मला हसू आलं नाही. "मी रंग नाई देत यावर. माझा रंग बी खाऊन टाकते हे. पयले ते प्लास्टिक काढा, पंधरा दिवस सुकू द्या, मग बोलवा."

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे. दुसऱ्या वर्षाला पावावरची बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिची आकृती काढली होती, पेन्सिलीने, बाजूला नावं लिहून. जर्नल अजून गावी माळ्यावर आहे. सर म्हणाले होते, ओल, अंधार आणि कोंडलेली हवा, एवढं मिळालं की ती कुठेही वाढते. परीक्षेत मी हे लिहून गुण घेतले होते. पण चंद्रपुरात काळं म्हणजे कोळसा, हे ज्या दिवशी शिकलो त्या दिवसापासून मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नव्हता.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट होती, ती चाचा गेल्यावर आठवली. मी आठवीत असताना सुट्टीत घरी होतो. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. ढग आले. वैनी जंगलात होती. मी हुशारी करून अर्धवट वाळलेली सगळी फुलं गोळा केली, बांबूच्या कणगीत भरली आणि वरून प्लास्टिक बांधलं. पाऊस आलाच नाही. चार दिवसांनी कणगी उघडली तेव्हा आतून असाच कुबट भपका आला होता. वैनी मला रागावली नाही. ती कणगी उपडी करून, जी फुलं वाचली ती निवडत दोन दिवस उन्हात बसली. एवढंच म्हणाली होती, "पावसानं ओलं झालं तर वाळते बाबू. कोंडलं का, गेलंच."

म्हणजे तिने आमच्या बाथरूममध्ये पाय टाकताच ओळखलं होतं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, मी नाही म्हणालो म्हणून तीही गप्प बसली होती. तिच्या शिकलेल्या बाबूला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं नाही म्हणून. तिचा दम जात होता आणि ती माझी इज्जत सांभाळत होती.

त्या दिवशी मी प्लास्टिक फाडलं. चिकटपट्ट्या इतक्या होत्या की सुरीने कापाव्या लागल्या. पुढचे दोन महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. तोंडाला रुमाल बांधून ब्लिचिंगच्या पाण्याने भिंती घासल्या. वास डोक्यात भिनायचा. चाचाने बजावलं होतं, यात ॲसिड मिसळायचं नाही, म्हणून बायकोने ॲसिडची बाटली उचलून गॅलरीत ठेवली. छताचा पापुद्रा खरवडला तेव्हा खालचं प्लास्टर भिजलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. दुपारी आम्ही दोघं घरी नसायचो, म्हणून टेबलफॅन बाथरूमच्या दारात लावून जात होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे बाथरूमला पंखा आणि माणसाला घाम." खरंच होतं ते. दर आंघोळीनंतर भिंती रबरी वायपरने ओढायच्या, मग कोरड्या फडक्याने पुसायच्या. आधी ओल्या फडक्याने पुसत होतो, आता कोरड्याने. पुसणं काही सुटलं नाही.

मधे एक दिवस मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. वैनीचे कागद पुढे ठेवले आणि सांगितलं की सर, मी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं. घरात ओल होती. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दिवसभरचे पेशंट पाहून तेही थकले होते. म्हणाले, त्यानेच सगळं झालं असं नाही, पण त्याने वाढलं असेल. जागा कोरडी झाली असेल तर आणा त्यांना, औषध पुन्हा नीट बसवू. थंडी वाढण्याआधी आणा. उशीर करू नका.

जागा कोरडी झाली आहे का? बरीचशी. दिवाळीनंतर हवा सुकली, चाचा येऊन चुना देऊन गेला. पण नळाच्या वर, छताच्या कोपऱ्यात परवा पुन्हा मोहरीएवढे तीन ठिपके दिसले. मी ते खरवडले आणि आणखी कुठे आहेत का ते स्टुलावरूनच शोधत राहिलो. बायको म्हणाली, "या आता खाली. तीनच आहेत." खिडकी उघडी असल्यामुळे खालच्या पांढऱ्या फरशीवर खरी कोळशाची धूळ येते ती वेगळीच. तीही पुसतो.

मग खाली उतरून हात धुतले आणि आधी रागाने आणि मग लाजेने चुकलेल्या तीन महिन्यांची चिठ्ठी लिहायला बसलो. अक्षर मोठं काढलं. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. ती अशी.

वैनी,

तीन महिने चिठ्ठी नाही लिहिली. मला तुझा राग आला होता. तो राग खोटा होता, म्हणून आधी तेच लिहितो.

तू सांगितलं ते बरोबर होतं. बाथरूममध्ये बुरशी होती, कोळसा नव्हता. एका पेंटर चाचाने मला दाखवलं. तू आधी दाखवलं होतं, पण मी तुला शिकवायला बसलो. आठवीतली मोहफुलांची कणगी तुला आठवत असेल. मी पुन्हा तेच केलं, आणि या वेळी आत तू होती.

सुनबाईला वाटत होतं की तिच्या चहाने तू गेली. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणते, वैनीला लिहा की आता साखर बरोबर घालीन.

मी डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, घेऊन या. थंडी वाढायच्या आधी ये. खिडकी मोकळी आहे, आता ती बंदच होत नाही, काचा मी काढून ठेवल्या. धूळ येते. एका कोपऱ्यात आज पुन्हा तीन ठिपके निघाले, ते तुझ्यापासून लपवत नाही. तू येऊन वास घे. कुबट वाटलं तर त्याच दिवशी मी तुझ्यासोबत गावी येईन, आणि दर आठ दिवसांनी तुला डॉक्टरकडे न्यायला तिथून येईन. नाही वाटलं तर दोन महिने राहा.

कोंबड्या पुतणीकडे दे.

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघ. मी स्टँडवर उभा राहीन. तिथून आपण आधी घरी येऊ, तू बाथरूम पाहा, मग दवाखान्यात जाऊ. डॉक्टर पुन्हा विचारतील, घरात ओल आहे का. या वेळी तू बोल. मी बाजूच्या खुर्चीवर गप्प बसतो.

तुझा,
बाबू